मस्टर लिहिणाऱ्याला शिकवतं कोण?

पोस्ट लांब आहे. पण सरकारी योजनेतल्या पैशाशी तुमचा-आमचा जरा जरी संबंध असेल (आणि तो प्रत्येकाचा असतोच), तर शेवटपर्यंत वाचा.

८ जुलै २०२५ ला केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने सगळ्या राज्यांना एक पत्र पाठवलं. मनरेगाच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाईल अ‍ॅपवर घेतली जाते. दिवसातून दोनदा कामाच्या जागेवरून फोटो काढायचा आणि अपलोड करायचा. १ जानेवारी २०२३ पासून हे सक्तीचं झालं. अ‍ॅप आलं की बोगस मजूर संपले, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. अडीच वर्षांनी त्याच मंत्रालयाने या अ‍ॅपवर कसकशी लबाडी चालते, त्याचे सात प्रकार स्वतःच लिहून कळवले. कामाशी काडीचा संबंध नसलेला फोटो टाकणे. जिवंत माणसांऐवजी जुन्या फोटोचाच फोटो काढून टाकणे. एकच फोटो अनेक मस्टरवर वापरणे. फोटोत माणसं कमी, मस्टरवर जास्त. मस्टरवर बाया, फोटोत पुरुष. सकाळचे चेहरे वेगळे, दुपारचे वेगळे. आणि दुपारचा फोटोच न टाकणे.

उपाय काय सुचवला? तर गावपातळीवर शंभर टक्के फोटो माणसाने डोळ्यांनी तपासायचे. म्हणजे माणसावर भरवसा नाही म्हणून यंत्र आणलं, आणि आता यंत्रावर भरवसा नाही म्हणून पुन्हा माणूस आणला. मग प्रश्न असा पडतो की हा तपासणारा माणूस तयार कोण करतो? त्याला काय बघायचं, कुठे बघायचं, कुणाला विचारायचं, हे शिकवतं कोण?

हा प्रश्न आजचा नाही. फार जुना आहे. म्हणून थोडं मागे जाऊ.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं हस्तलिखित म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती १९०५ च्या सुमारास लागलं आणि १९०९ मध्ये ग्रंथ छापून आला. पुढे मुंबई विद्यापीठाने रा. प्र. कंगल्यांची चिकित्सक आवृत्ती काढली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात एक अख्खा अध्याय फक्त या विषयावर आहे, की राज्याच्या नोकरांनी गिळलेला पैसा परत कसा आणायचा. त्यात अपहाराच्या वाटा मोजून दिल्यात. किती? चाळीस.

यादी वाचली की आजचा ऑडिट रिपोर्ट वाचतोय असं वाटतं. आधी जमा झालेलं नंतर दाखवणे. नंतर झालेलं आधी दाखवणे. थोडं झालेलं जास्त दाखवणे. एका माणसाचं दुसऱ्याच्या नावावर लिहिणे. द्यायचं त्याला न देणे, द्यायचं नाही त्याला देणे. वेळेवर न देणे. खोटी मापं, खोटे तराजू. मंत्रालयाच्या सात प्रकारांतले बहुतेक या चाळीसमध्ये बसतात. फक्त मोबाईल नव्हता, एवढंच.

पण मला त्या अध्यायात यादीपेक्षा पुढच्या तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, संशय आला की त्या व्यवहारातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारायचं. साठवणारा, लिहिणारा, घेणारा, देणारा, द्यायला लावणारा, सगळ्यांना स्वतंत्र. दुसरी, त्या अधिकाऱ्याच्या भागात दवंडी द्यायची, की याच्याकडून कुणाला त्रास झाला असेल त्यांनी येऊन सांगावं. तिसरी, अपहार उघड करणाऱ्याला रकमेचा सहावा हिस्सा द्यायचा. तो त्याच खात्यातला नोकर असेल तर बारावा.

म्हणजे लबाडीच्या वाटांची यादी, कामांची विभागणी, लोकांसमोर विचारणा आणि सांगणाऱ्याला आधार. या चार गोष्टी लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास म्हणजे यातली एखादी धरायची आणि बाकीच्या सोडायच्या, असा आहे.

आता आपल्याकडे या. शिवकाळात गडाचा कारभार एका माणसाच्या हातात नव्हता. हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन बरोबरीचे अधिकारी असत. सबनीसाकडे जमाखर्च आणि माणसांची हजेरी, कारखानीसाकडे कोठार. एकाने ठरवलं म्हणून गड फितूर होऊ नये हा त्यातला मुख्य हेतू, पण हिशेबालाही त्याचा फायदा होता. माणसं किती हे सबनीस लिहिणार, धान्य किती उचललं हे कारखानीस लिहिणार. दोन्ही कागद जुळले पाहिजेत. पेशवाईतही जिल्ह्याच्या पातळीवर मजुमदार, फडणीस, चिटणीस असे दरखदार होते आणि त्यांना काढून टाकणं कमाविसदाराच्या हातात नव्हतं. आज ही सगळी आडनावं झाली आहेत. मूळचा अर्थ मात्र एवढाच, की एकाचं लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचं. या व्यवस्थेत लबाडी होत नव्हती असं कुणी म्हणणार नाही. पदं वंशपरंपरेने गेली, दोन घराण्यांचं साटंलोटं झालं की तपासणीही संपली. पण रचना करणाऱ्याला धोका कुठे आहे हे कळलं होतं.

कंपनी सरकार आलं तेव्हा कंपनीचे गोरे नोकरच लुटीत सगळ्यात पुढे होते. खासगी व्यापार, नजराणे, भेटी. कॉर्नवॉलिसने यावर दोन उपाय केले. पगार भरपूर वाढवले आणि खासगी व्यापार बंद केला. मग प्रशिक्षणाची पाळी आली. १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. १८०६ मध्ये इंग्लंडात कंपनीचं स्वतःचं कॉलेज सुरू झालं, जे पुढे हेलिबरीला गेलं. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ माल्थस तिथे शिकवायचे. भावी कलेक्टर तिथे कायदा, अर्थशास्त्र, देशी भाषा शिकून यायचे.

आणि खाली? मामलेदार, कारकून, कुलकर्णी यांना कोण शिकवत होतं? कुणीच नाही. पगार तुटपुंजे, वरच्या जागा भारतीयांना बंद. कचेरीत ‘उमेदवारी’ करायची, म्हणजे बिनपगारी बसून जुन्या कारकुनाच्या हाताखाली काम शिकायचं, जागा निघेपर्यंत वाट बघायची. तो बिचारा पत्र लिहायला शिकायचा, नोंद करायला शिकायचा, आणि नोंद कशी ‘करायची’ हेही शिकायचा. कोणत्या अर्जावर किती दिवस बसायचं, कुणाकडून काय घ्यायचं, हेसुद्धा त्याच गादीवर शिकायला मिळायचं.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. सरकारी नोकराला प्रशिक्षण मिळत नाही, असं कधीच नसतं. प्रशिक्षण मिळतंच. प्रश्न एवढाच की ते सरकार देतं की शेजारच्या टेबलावरचा जुना कारकून देतो. सरकार नियम शिकवतं. नियमाला बगल कशी द्यायची हे टेबल शिकवतं. आणि बगल कशी दिली जाते हे ज्याला माहीत नाही, तो ती पकडणार कशी?

वरच्यांना शिकवून, पगार देऊन भ्रष्टाचार थांबतो हा समज पुण्यातच फुटला. आर्थर क्रॉफर्ड. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, ज्यांचं नाव क्रॉफर्ड मार्केटला होतं, तेच. १८८८ मध्ये ते मध्य विभागाचे कमिशनर असताना बदल्या-बढत्यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले. पुरावा कुठून आणायचा? पैसे देणारे मामलेदारच साक्षीदार. मुंबई सरकारने त्यांना अभय दिलं, की खरं सांगा, तुमच्यावर कारवाई होणार नाही. त्या भरवशावर त्यांनी साक्षी दिल्या. चौकशी आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत असं ठरवलं. हाताखालच्या प्रदेशातल्या लोकांकडून कर्जं काढल्याबद्दल मात्र क्रॉफर्ड यांची नोकरी गेली. मग विलायतेत ओरड झाली, की लाच दिल्याचं स्वतः कबूल करणारे लोक न्यायदानाच्या खुर्चीवर कसे? आणि अभय मिळालेल्या मामलेदारांपैकी काहींना काढून टाकलं गेलं. लोकमान्य टिळक या मामलेदारांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. सरकारने शब्द दिला होता, तो पाळा.

त्या प्रकरणातून मुलखातल्या प्रत्येक कारकुनाला काय धडा मिळाला असेल, सांगा बरं. कोणत्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा तो धडा पक्का होता. बोलायचं नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदे आले. १९४७ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा. १९६२ मध्ये लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. प्रशिक्षण संस्था आल्या. मसुरीची अकादमी १९५९ ची. महाराष्ट्राने १९६३ मध्ये मुंबईत प्रशासकीय महाविद्यालय काढलं, ते १९८४ मध्ये पुण्याला आलं आणि १९९० पासून आपण त्याला ‘यशदा’ म्हणून ओळखतो. आपल्याकडे संस्थांची कमी नव्हती.

आणि याच काळात महाराष्ट्राने देशात कुणी केली नव्हती अशी एक योजना केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली कल्पना, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात आधी प्रयोग, मग १९७२ चा दुष्काळ. त्या दुष्काळात १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना ‘सुकडी’ आठवत असेल. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि गावातल्या मजुराला काम द्यायचं. याच कायद्याच्या पायावर २००५ मध्ये देशाचा कायदा उभा राहिला.

पण ही सगळी इमारत एका कागदावर उभी होती. मस्टर. हजेरीपट. कोण आलं, किती दिवस आलं, किती काम झालं, किती मजुरी झाली, अंगठा. त्याच्या जोडीला मोजमाप पुस्तिका, ज्यात इंजिनिअरने खोदाईची लांबी-रुंदी-खोली लिहायची. या दोन कागदांवर सरकारी तिजोरी उघडायची. आणि हे कागद लिहिणारी माणसं कोण? मुकादम, हजेरी सहायक, कनिष्ठ अभियंता. सगळ्यात कमी पगाराची, सगळ्यात दूर माळरानावर बसलेली, आणि गावच्या पुढाऱ्याच्या सगळ्यात जवळची.

मग काय झालं ते जुन्या लोकांना पाठ आहे. मस्टरवर मेलेल्या माणसाची हजेरी. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोराची हजेरी. काम ट्रॅक्टरने किंवा मशीनने उरकायचं आणि मस्टर पन्नास माणसांचं भरायचं. जुना बांध नव्याने दाखवायचा. अंगठा एका रकमेवर, हातात दुसरीच. आणि कागदावरची विहीर, जिच्यात पाणी सोडा, खड्डासुद्धा नाही. एक लक्षात घ्या, यातलं काही एकट्या मुकादमाचं नव्हतं. मोजमाप चढवल्याशिवाय बोगस मजुरी निघत नाही आणि वरची सही झाल्याशिवाय बिल निघत नाही. पण पकडला गेला तर पहिला निलंबित कोण? हजेरीवाला.

मस्टर वाचायचं कसं, हे देशाला शिकवलं ते कुठल्या प्रबोधिनीने नाही. राजस्थानातल्या मजुरांनी शिकवलं. अरुणा रॉय यांनी १९७५ मध्ये आयएएसची नोकरी सोडली, आणि १९९० मध्ये निखिल डे, शंकर सिंह आणि राजसमंद भागातल्या शेतकरी-मजुरांबरोबर मजदूर किसान शक्ती संघटन उभं केलं. २ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनावणी झाली. पद्धत काय होती? सरकारी मस्टरची माहिती मिळवायची, आणि गावासमोर मोठ्याने वाचायची. एक एक नाव. तू या कामावर होतास का? किती दिवस? किती मिळाले? बस्स. लोक उठून सांगायला लागले, की मी तर त्या कामावर गेलोच नाही, हा तर कधीच मेला. ऑडिटरला कागद जुळला की पुरे होतं. गावाला माणूस माहीत असतो. कौटिल्याने सांगितलेली दवंडी ती हीच म्हणायची. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं झालं आणि तिथून माहितीच्या अधिकाराची वाट २००५ च्या कायद्यापर्यंत गेली.

आणि मग एका सरकारने हे स्वतः करायचं ठरवलं. आंध्र प्रदेश, २००६. तिथल्या ग्रामविकास खात्याने रोजगार हमीचं सामाजिक अंकेक्षण सुरू केलं. राजस्थानच्या कार्यकर्त्यांकडून शिकून घेतलं, २००९ मध्ये त्यासाठी वेगळी स्वायत्त सोसायटी केली. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती प्रशिक्षणाची. मजूर कुटुंबातली, लिहिता-वाचता येणारी पोरं-पोरी निवडली. त्यांना काही दिवस वर्गात बसवून मस्टर कसं वाचायचं, मोजमाप पुस्तिका कशी बघायची, पासबुकाशी कसं ताडायचं हे शिकवलं. स्वतःच्या गावात कुणी तपासणी करायची नाही. दुसऱ्या गावात मुक्काम करायचा, घरोघर जायचं, कामाच्या जागेवर जायचं, आणि मग मंडलाच्या ठिकाणी जाहीर सुनावणीत अधिकाऱ्यांसमोर सगळं मांडायचं. दहावी-बारावी झालेल्या मजुराच्या पोरीने इंजिनिअरला मोजमाप विचारायचं. असं प्रशिक्षण या देशात त्याआधी झालं नव्हतं.

२०११ मध्ये कॅगशी सल्लामसलत करून केंद्राने नियम केले, की प्रत्येक राज्यात स्वतंत्र सामाजिक अंकेक्षण यंत्रणा हवी. अंकेक्षण करणाऱ्यांसाठी ३० दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तयार झाला, त्यात आपल्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचाही हात आहे.

मग प्रश्न सुटला का? नाही. आणि इथे प्रामाणिकपणे बोललं पाहिजे, कारण अशा पोस्टींमध्ये ‘आंध्रने करून दाखवलं’ म्हणून थांबायची पद्धत आहे. फरझाना आफ्रिदी आणि व्हेगार्ड इव्हर्सन या अभ्यासकांनी आंध्रच्या अंकेक्षणांचे अहवाल तपासले. लबाडी सापडत होती, पण एकूण लबाडी कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तिने वाट बदलली. मजुरीतली, सहज पकडता येणारी गडबड मागे पडली आणि सामानाच्या बिलांतली, पकडायला अवघड गडबड पुढे आली. सापडलेल्या रकमेच्या मानाने वसुली फार थोडी. म्हणजे शिकवणं एकदाच करून चालत नाही. चोर दरवर्षी नवीन शिकतो, तर तपासणाऱ्यानेही दरवर्षी शिकायला हवं. आणि सापडल्यावर पुढे काहीच होत नसेल, तर शिकून उपयोग काय, असं तपासणाऱ्यालाच वाटायला लागतं.

आता आजच्या महाराष्ट्राकडे या. राजकारण बाजूला ठेवून बघा. जून २०२४ च्या अखेरीस लाडकी बहीण योजना जाहीर झाली, ऑगस्टमध्ये खात्यात पैसे यायला लागले. दीड-दोन महिन्यांत कोट्यवधी अर्ज. ते भरून घ्यायला अंगणवाडी सेविका आणि इतर गावपातळीवरच्या कर्मचारी पुढे केल्या, एका अर्जामागे ५० रुपये. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनीच सांगितलं, की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचं दिसतंय. कुणी एकापेक्षा जास्त योजनांचा लाभ घेतला, कुठे एका घरात दोनपेक्षा जास्त लाभार्थी, काही ठिकाणी तर पुरुषांनी अर्ज केले. त्याच्याही आधी, घरी चारचाकी आहे का हे बघायला कुणाला पाठवलं? त्याच अंगणवाडी सेविकेला. जिने अर्ज भरून घेतला, तिनेच वर्षाच्या आत शेजारणीच्या दारात जाऊन ‘तुझी गाडी दाखव’ म्हणायचं. तिला त्याच गावात राहायचंय. तिची पोरं त्याच शाळेत जातात. अर्ज भरणारा आणि तपासणारा एकच नसावा, हे शिवकाळातल्या गडावर समजत होतं.

आणि लबाडी रोखायचं नीट शिकवलं नाही की दुसरंच काहीतरी होतं. तपासणीऐवजी सफाई होते. संसदेत सरकारनेच दिलेल्या उत्तरानुसार २०२२-२३ या एका वर्षात मनरेगाच्या यादीतून ५ कोटी १८ लाख मजुरांची नावं वगळली गेली. आधीच्या वर्षी हा आकडा १ कोटी ४९ लाख होता. यातली काही नावं खरंच बोगस असतील, दुबार असतील. पण वरून टार्गेट आलं, खाली कारकुनाने कारणाच्या रकान्यात काहीतरी निवडलं आणि बटण दाबलं, असं जिथे झालं तिथे खरी मजूर बाई कामाला मुकली. बोगस माणूस परत नाव घालून घेतो, त्याच्या ओळखी असतात. हिला तालुक्याच्या चकरा परवडत नाहीत. म्हणून हा विषय फक्त सरकारचे पैसे वाचवण्याचा नाही. खऱ्या माणसाला खोटा ठरवलं जाऊ नये, याचाही आहे.

शेवटी सगळ्यात अवघड गोष्ट. सांगणाऱ्याचं काय? २५ जानेवारी २०११, मनमाड. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे. इंधनातली भेसळ डोळ्यांसमोर दिसली, ते थांबले, जाब विचारला. त्यांना जिवंत जाळलं. अपर जिल्हाधिकाऱ्याची ही गत, तर मानधनावरच्या ग्रामरोजगार सेवकाने कुणाच्या जिवावर बोलायचं? अपहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली. तो आजवर अंमलात आणलेला नाही. क्रॉफर्ड प्रकरणातल्या मामलेदारांना निदान खोटा का होईना, शब्द तरी मिळाला होता.

दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या आसपास, सरदार पटेलांच्या जयंतीच्या आठवड्यात, सरकारी कार्यालयांत दक्षता सप्ताह होतो. शपथ होते, फोटो होतो. २०२० पासून ‘कर्मयोगी’ आहे, मोबाईलवर कोर्स करा, प्रमाणपत्र घ्या. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण शपथ घेऊन मस्टर वाचता येत नाही.

मग काय करता येईल? माझ्या मते चार गोष्टी, आणि एकही नवीन नाही.

१. प्रत्येक योजनेची स्वतःची ‘चाळीस वाटांची’ यादी हवी. कॅगच्या आणि सामाजिक अंकेक्षणाच्या अहवालांत सगळं लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण? त्यातली खरी प्रकरणं, नावं गाळून, सोप्या मराठीत, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी, अंगणवाडी सेविका, रोजगार सेवक यांच्या प्रशिक्षणात शिकवावीत. हे मस्टर बघा, यात काय खोटं आहे, शोधा. असा वर्ग. आणि दरवर्षी नवी प्रकरणं.

२. लिहिणारा, मोजणारा, तपासणारा आणि पैसे सोडणारा, हे चार वेगळे. योजना कितीही घाईची असो.

३. यादी गावासमोर मोठ्याने वाचायची. पोर्टलवर टाकली म्हणजे जाहीर झाली, असं नाही. ग्रामसभेत वाचली, नाव वगळायच्या आधी वाचली, तर खोटं नाव टिकत नाही आणि खरं नाव जात नाही.

४. सांगणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला संरक्षण. आणि चौकशी वरपर्यंत. मस्टरवर ज्याची शेवटची सही, त्याच्यापर्यंत.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. १०० दिवसांऐवजी १२५ दिवस म्हणतात. त्याच्या चांगल्या-वाईटाची चर्चा वेगळी करू. पण नाव कोणतंही असो, माळरानावर कुणीतरी हजेरी घेणार आहे, कुणीतरी मोजणार आहे आणि कुणीतरी सही करणार आहे. त्या कुणीतरीला आपण काय शिकवून पाठवतोय, हे विचारायला हवं.

तुमच्यात ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक, अंगणवाडी सेविका, रोजगार सेवक असतील तर कमेंटमध्ये जरूर लिहा. तुम्हाला नोकरीच्या सुरुवातीला लबाडी ओळखायचं कुणी शिकवलं होतं का? किती दिवस? की टेबलावरच शिकलात? नावं घेऊ नका, अनुभव सांगा. आणि बाकीच्यांनी पुढच्या ग्रामसभेला जाऊन एवढंच म्हणा: मस्टर वाचून दाखवा.